वजरी

प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं लेबलं लिहितो.
अक्षर वळणदार म्हणून घेतलं मला,
दगडांतलं काही कळतं म्हणून नाही.
स्टिल्बाइट, सिन्नर. अपोफिलाइट, पांडवलेणी.
हिरवं, गुलाबी, चुन्यासारखं पांढरं,
विहिरींच्या सुरुंगांनी उजेडात आणलेलं सगळं
कापसावर ठेवायचं, खाली गाव लिहायचं.
गाव चुकलं की दगड मुका होतो,
असं पिंगळे मॅडम म्हणतात.

नांदूर मध्यमेश्वरला गेलो ते दरड मोजायला.
पोरं पाणपक्ष्यांच्या नादात,
मी टेप धरून, मॅडम गुडघाभर गाळात:
वर काळी माती, खाली पिवळी, त्याखाली
वाळूगोट्यांचा थर, खडीसारखा घट्ट,
गंगेनं कधीतरी टाकलेला
आणि परत न्यायला विसरलेला.

दुपारी पाणी मागायला ठकूबाई वाघांच्या दारात.
न्हाणीच्या धोंड्यावर, साबणाच्या वडीशेजारी
होती ती.
वीतभर, तपकिरी, वरून कंगोरेच कंगोरे.
मॅडमनी भरला तांब्या तसाच खाली ठेवला.
"मावशी, हे काय?"
"वजरी."
"कुठली?"
"गंगाची. पाणी उतरलं का निघतं काहीबाही.
मालकांनी आणली व्हती, थोरला पोटात व्हता तव्हा.
त्याचं पोरगं आता दहावीला हे."

मॅडम उकिडव्या बसल्या,
बोटानं कंगोरे मोजत राहिल्या.
नऊ. दहावा अर्धा.
मग आवाज न चढवता म्हणाल्या,
"हत्तीची दाढ आहे."

ठकूबाई हसली. तोंडात
वरचे दोन, खालचा एक.
"हत्ती? हितं?"
इथंच. ऊस नव्हता, द्राक्षं नव्हती,
धरणाची भिंत नव्हती, गवत होतं.
तीस हजार वर्षं झाली, कदाचित कितीतरी जास्त
(आकडा सांगताना मॅडम दार जरा किलकिलं ठेवतात).
हत्तीला दाढा येतात सहा वेळा,
एक झिजली की मागून दुसरी सरकते.
सहावीही झिजली की
गवत समोर असतं आणि हत्ती उपाशी.
ही कितवी?
मॅडमनी उलटीपालटी करून पाहिली.
शेवटची असेल. सांगवत नाही.

ठकूबाईचं हसू तिथं थांबलं.
जिभेनं तिनं खालचा दात चाचपला,
मी पाहिलं.

पंचाईत झाली ती निघताना.
"घिऊन जा की," ती म्हणाली,
"पन मी टाचा कशानं घासू?"
भूशास्त्राच्या सहा वर्गांना शिकवणाऱ्या मॅडम गप्प.
मी जीपच्या चाकाला लावलेला दगड काढला,
काळा, भोकाभोकांचा,
लाव्हा थंड होताना आतल्या आत अडकलेले
बुडबुडे दाखवणारा. हापशावर धुऊन दिला.
तिनं टाचेवर एकदा फिरवला.
"खरबरीत हे. चालंल."

साडेसहा कोटी वर्षांचा होता तो.
दाढेहून हजारपट म्हातारा.
पण आपल्याकडे घाटाच्या पायऱ्या त्याच्या,
जोती त्याची, बांध त्याचे, पाटा-वरवंटाही त्याचाच;
त्याला कोण लेबल लावतं.

रात्री कपाटात जागा केली.
'हत्तीची दाढ. नांदूर मध्यमेश्वर, गोदाकाठ.'
'कुणाला सापडली' या रकान्यापाशी
पेन जरा अडखळलं.
मालकांचं नाव विचारायचं राहिलं होतं.
लिहिलं: ठकूबाई वाघ यांच्याकडून.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, खोडलं नाही.

भिंगाखाली झीज मात्र दोन प्रकारची दिसते.
एक आडव्या बारीक चऱ्यांची, गवतातल्या मातीनं पडलेली.
दुसरी एका कडेला, गुळगुळीत, किंचित खोलगट,
टाच बरोबर बसेल अशी.
ही नंतरची, हिची नोंद करत नाहीत, मॅडम म्हणाल्या.
बरोबरच असेल त्यांचं.

कापूस दोनदा बदलला.
कपाट उघडलं की अजून
आधी साबणाचा वास येतो.