अजून बारीक

पहिल्यांदा आला तेव्हा
पाच किलो मालदांडी पुढं ठेवून
म्हणाला, बारीक.
दळून दिली. चिमटीत घेऊन पाहिलं,
मान हलवली. अजून बारीक.
मी म्हटलं, बाबा, भाकरी थापायची
का भिंतीला चुना द्यायचा?
मराठी तितकी येत नव्हती त्याला. हसला मात्र.

बेगमपुऱ्यात गिरणी चालवते, बावीस वर्षं झाली.
विद्यापीठाची पोरं येतात, जातात,
पण ज्वारी दोनदा दळून नेणारा हाच पहिला.
नाव मुतासिम. गाव वद मदनी.
ज्वारीला दुर्रा म्हणतो.
तो गेल्यावर तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं,
दुर्रा,
सुपातून दाणे घरंगळल्यासारखं.

एक जानेवारीला त्यांच्या सुदानी मंडळाचा कार्यक्रम.
पत्रिका नाही, काही नाही,
दळणाचे पैसे देता देता म्हणाला, खाला, यायचं.
खाला म्हणजे मावशी. आमच्या गल्लीत
हे कुणाला सांगावं लागत नाही.

गेले. हॉलमध्ये माइक किंचाळत होता.
पाहुणे साहेब पाऊण तास उशिरा आले
आणि भाषणात दोनदा म्हणाले,
आपले हे नायजेरियाचे मित्र.
पोरांनी तरी टाळ्या वाजवल्या.

इब्तिहाल नावाची, फार्मसीची पोरगी,
पिवळं तोब गुंडाळून चहा-सरबत वाटत होती.
डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा.
मला राहवेना. उठून कमरेला घट्ट खोचून दिला.
ती म्हणाली, असं नाही खाला,
हा घसरायलाच हवा. घसरला की सावरायचा,
त्यातच तर सगळं आहे.
मी बसले आपल्या जागेवर जाऊन.

बशीत डिंक ठेवला होता, त्यांच्याकडचा.
आपल्या बाभळीचा म्हणून कुणीही लाडवात घातला असता.
सरबत लालभडक. एक घोट घेतला, जीभ आंबली,
आणि कळलं, ही अंबाडीच्या घरातलीच कुणीतरी,
लांब दिलेली.

मुतासिम कोपऱ्यात तव्यापाशी.
रात्रभर आंबवलेलं पातळ पीठ,
पसरायला तिकडं ताडाच्या पानाचा तुकडा असतो म्हणे.
इथं मुदत संपलेलं ओळखपत्र होतं,
स्वतःचाच फोटो धरून तो पीठ फिरवत होता.
किसरा निघाली. वहीच्या पानाएवढी पातळ.
माझ्या दगडातून गेलेलं पीठ
आणि मलाच ओळखू येईना.

मग पोरं नाचली. हात वर, चुटक्या, उंच उडी.
चौकीदार दारात उभा राहून
नऊ वाजले, नऊ वाजले म्हणत होता
आणि त्याची काठी ठेक्यात आपटत होती,
त्याला नकळत.

बाहेर पायरीवर मुतासिम,
फोन कानाला, बोलत मात्र नव्हता.
वडलांचा नंबर. लढाई गावात शिरली तेव्हापासून बंद.
रोज लावतो. ती बाई काय सांगते ते पाठ झालंय, म्हणाला.
मी काय बोलणार. हातातली किसरा संपवली.
थोड्या वेळानं म्हणाला,
त्यांची पण गिरणीच आहे, खाला. दगडाची.
म्हणून मला कळतं.
काय कळतं?
तुझ्या दगडाला टाकी लावायला झालीय.

चार तारखेला आला. छिन्नी मागितली, हातोडी मागितली,
वरचा दगड उलथा घातला.
दुपारभर टक टक टक.
तीन गिऱ्हाइकं डबे घेऊन परत गेली,
एक बाई तणतणत.
उठला तेव्हा भुवया पांढऱ्या,
एकदम म्हातारा झालेला.

पट्टा चढवला. दगड फिरला.
पिठाकडं त्यानं पाहिलंच नाही.
खांबाला कान लावून उभा, डोळे मिटून.

दगड रिकामा फिरवू नये म्हणतात.
त्या दिवशी दळण कुणाचंच नव्हतं.
घरची पायली उपसून आणली
आणि ओंजळ ओंजळ टाकत राहिले.