दोन बोटं

आधी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती,
गोळ्या घेऊन परत आली.
कुणी म्हणालं मान लचकली, कुणी म्हणालं वारं लागलं.
चौथ्या दिवशी मुलाने टेम्पोत गादी टाकून
दिवाळ्याहून वाशीला आणली
तेव्हा ती हसत असल्यासारखी दिसत होती.
हसत नव्हती.

धाकलीबाय पदाजी कोळी, वय चौसष्ट.
बाजारात हिचा आवाज जेट्टीच्या टोकापर्यंत जातो,
मुलगा सांगत होता, न विचारता.

पुराणिक मॅडमनी लाकडी पट्टी घशात मागे टेकवली.
तुम्हाआम्हाला उमासा आला असता.
तिच्या दातांनी पट्टी धरली ती सोडेचनात.
मॅडम हळूच म्हणाल्या, जखम शोधा.

तळव्यात होती. कालवं काढताना चिरलेली,
हळद भरून सुकवलेली,
तिच्या हिशेबी केव्हाच मिटलेली.
धनुर्वाताचं इंजेक्शन कधी?
मुलगा आईकडे बघत राहिला.
चार बाळंतपणं घरातच, सुईणीच्या हाती.
नातवंडांची कार्डं आहेत, पिशवीत घालून गादीखाली.
तिचं कार्डच नव्हतं.

रक्त तपासून या रोगाचं काही कळत नाही.
जखम उघडली, धुतली, मेलेलं मांस काढलं.
विषावरचा उतारा टोचला,
दुसऱ्या दंडात लस,
शिरेतून मेट्रोनिडाझोल, डायझेपाम, मॅग्नेशियम.
सहाव्या रात्री गळ्यात नळी.
नसांत शिरलेलं विष परत काढता येत नाही, मॅडम म्हणाल्या,
ते ओसरेपर्यंत हिला धरून ठेवायचं.

धरून ठेवायचं म्हणजे
उगाच हातही लावायचा नाही.

कोपऱ्यातली खोली, काचांना काळे कागद.
बिजागरीत मी माझ्या बाटलीतलं खोबरेल सोडलं.
स्टीलच्या ट्रेखाली टॉवेल. चपला दाराबाहेर.
तरी रस्त्यावरून एखादी वरात जायची
आणि तिची पाठ पलंगावरून उठायची,
गादीला टेकलेलं फक्त डोकं आणि टाचा.
धनुर्वात. नर्सिंगला पाठ केलेला शब्द.
धनुष्य खरंच होतं,
बाण कुठेच सुटत नव्हता,
आणि ती शुद्धीवर. डोळे माझ्यावर.

तीन आठवडे मी कुजबुजत जगले.
घरी नवरा म्हणाला, जरा मोठ्याने बोल गं.

चौतिसाव्या दिवशी तोंड दोन बोटं उघडलं.
बोटं माझीच, मोजायला घातलेली.
मग पेजेचा चमचा गेला.

घरी जायच्या सकाळी मी लशीची कुपी फोडली
तेव्हा बसक्या आवाजात ओरडली, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं,
"आता परत कनाला? झाला ना मना यो रोग!"

झाला, पण या रोगातून शरीर काही शिकत नाही, मावशी.
एक आल्या दिवशी दिली, ही दुसरी,
तिसरी सहा महिन्यांनी.

तिने माझ्याकडे बघितलं,
गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.
"दोनमदी भागव."

नाही जमायचं, मी म्हटलं, आणि कार्डावर तिचं नाव लिहिलं.
एकच भाव.