सहा नंबरचं मशीन

आधी वायर काढा, भिंतीतून.
बटण बंद केलं म्हणजे वीज गेली, असं नसतं.
मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा,
अंगातली वीज तिथं सोडा.
मे महिन्यात पत्रा चटका देतो, तरी लावा.
मग चार स्क्रू. डबीच्या झाकणात ठेवायचे, खिशात नाही.
खिशातल्या स्क्रूचं काय होतं
ते अफरोजच्या आईला विचारा.

घाटंजी रोडवर, जिनिंगच्या मागं आमची लॅब.
दिवाळी सरली की सरकी वेगळी होते
आणि उरलेली रुई खिडकीतून आत येते.
कंपनीच्या पुस्तकात नाही हा बिघाड:
प्रोसेसरच्या पंख्यात कापूस.
पंखा लगेच थांबत नाही, दमत जातो,
आणि मशीन भर तासात डोळे मिटतं.
सुगंधा कोडापे म्हणाली, "सर, याले भोवळ आली."
मी फळ्यावर लिहिलं, ओव्हरहीटिंग.
तिनं वहीत भोवळ लिहिलं.
मी खोडलं नाही.

हा एसएमपीएस. भिंतीतली वीज इथं येते,
ज्याला जेवढी सोसते तेवढी वाटून पुढं जाते.
पलीकडे जिनिंगची मोटर सुरू झाली
की आपला बल्ब पिवळा पडतो ना,
तेव्हा हा आतल्या आत मार खातो.
वास घ्या. जवळून.
मागच्या साली एकात पाल निघाली,
वाळून कागद झालेली,
एक पाय या टोकाला, एक त्या.
वर्ग हसला. मग हसायचा थांबला.

हे कपॅसिटर. डोकं सपाट पाहिजे.
भाकर टम्म फुगली तर करणारीचं नाव होतं,
हे फुगलं तर मदरबोर्डाचं काही खरं नाही.

हार्ड डिस्क टक् टक् करू लागली
तर दुरुस्तीच्या नादी लागू नका,
आतलं आधी बाहेर काढा.
घरात धूर दिसल्यावर
कोणी भिंत सारवत बसत नाही.

आणि ही बॅटरी, नाण्याएवढी.
ही संपली की मशीनला रोज सकाळी
एक जानेवारी दोन हजार दोन.
"सर, तवा त आमी जलमलोच नोयतो,"
कुणाल धुर्वे मागच्या बाकावरून.
मागणीपत्र तीनदा गेलंय.
तोवर जो पहिला येईल त्यानं आजची तारीख घालायची.

सहा नंबर दोन महिने मुकं होतं.
चालू केलं की तीन लांब शिट्ट्या, पडदा काळा.
कोणीतरी खडूनं त्यावर 'मयत' लिहिलेलं.
मी रॅम काढून सुगंधाच्या हातात दिली,
कडेला धरायची, पिवळ्या दातांना बोट नको,
आणि कंपासपेटीतलं खोडरबर.
घासलं तिनं, हळू, जीभ दातांत धरून.
परत बसवली, दोन्ही बाजूंचा खटका ऐकला.
एकच शिट्टी.
मग कंपनीचं नाव आलं पडद्यावर,
आणि कुणाल खडूचं अक्षर बाहीनं पुसायला धावला.

पुढं दोन दिवस ती आलीच नाही.
तिसऱ्या दिवशी मी विचारलं, काऊन वं?
"ग्रामपंचायतीचं बंद होतं सर. महिना झाला.
दाखले अटकले होते लोकायचे.
सचिव म्हणे, यवतमाळहून माणूस येईन.
म्या म्हटलं, उघडून त पाहू द्या."
काय निघालं?
"कापूस. अन् रॅम.
पहिल्या दिवशी त हातच लावू देत नोयते."
पैसे दिले का?
"चहा देला."

तिनं खोडरबर टेबलावर ठेवलं,
अर्धं झिजलेलं, काजळी धरलेलं.
साहित्याच्या रजिस्टरात मी नोंद केली:
रबर, एक नग, परत.
स्थितीच्या रकान्यात दोनच शब्द चालतात.
मी लिहिलं, चालू.

उद्या प्रिंटर उघडायचा आहे.
जुने कपडे घालून या.