पोटखराब

सातबाऱ्यावर बंगला नाही.
गट दोनशे सतरा, सावदे शिवार,
अकरा गुंठे, आकार निरंक.
शेरा: पोटखराब.
जिथे काही पिकत नाही ते सगळं या शब्दात बसतं:
नाला, खडक, पांदीची कड
आणि हॅदर्ली साहेबाचं दुमजली घर.

तो मँचेस्टरच्या पेढीचा रुईचा अडत्या.
चुलत्याच्या हवेलीचं चित्र खिशात घेऊन आला
आणि गवंड्यांना म्हणाला, असंच.
असंच म्हणजे उतरतं छप्पर,
सातपुड्यावर कधीच न पडलेल्या बर्फासाठी,
आणि दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी.
वैशाखात इथे उन्हातला तांब्या हाताला चटका देतो.
गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि धुराडं चढवलं.

चौकीदाराचं नाव सायबू. सायबू तडवी.
साहेबाच्या तोंडून ते निघेना,
नोकराला साहेब कसं म्हणायचं?
तो नुसती टाळी वाजवायचा.
मडमेने आगबोटीतून आणलेलं ओकचं बी पेरलं,
तीन पावसाळे वाट पाहिली.
आला तो निंब, आपला आपण.

मग रुईचे भाव पडले. साहेबाचं नाव कंसात गेलं.
आमच्या दप्तरात माणूस मरत नाही,
विकून टाकत नाही, बोटीत बसत नाही,
कंसात जातो.

कोलाह शेठ, जिनवाले. पियानो बैलगाडीतून आला,
एका उन्हाळ्यात त्याच्या पट्ट्या उकलल्या. कंस.
हिरालाल लोढा. त्याने शेकोटीच्या तोंडाशी तिजोरी ठेवली,
मागे तीन मुलगे, तीन वकील.
कंस, कंस, कंस.
पाटबंधारे खातं, विश्रामगृह म्हणून.
अभिप्रायवहीत एकच ओळ सापडली:
पंखा फार आवाज करतो.

आता वासुदेव फिरके.
पाडून केळी पिकवायचं चेंबर बांधणार.
म्हणजे इथे शेवटी काहीतरी पिकेल.

मी पंचनाम्याला आलोय.
टेपचं दुसरं टोक लुकमान तडवीच्या हातात,
सायबूचा खापरपणतू.
तो शेकोटीपाशी थांबतो. म्हणतो,
भाऊसाहेब, ही एकदाच पेटली.
साहेब गेला, शेठ आला नव्हता, त्या मधल्या साली
आमच्या म्हाताऱ्यानं इथं वांगी भाजली.
बामणोदची, हिरवी. अख्ख्या वस्तीला भरीत पुरलं.
मग हसतो. मग विचारतो,
आमचं नाव हाये का कुठं?

मी पानं उलटतो. उलटायची म्हणून.
कंसात जायला आधी कंसाबाहेर असावं लागतं.

वाकून धुराड्यात हात घालतो.
आत पोपटांची पिसं, गांधीलमाशीचं मातीचं घर,
त्याच्याही वर
बोटांना लागते काजळी,
इतक्या वर्षांनंतर अजून मऊ.

शेरा लिहिताना ती कागदाला लागली.
खोडरबर खिशात होता.
मी टेप गुंडाळायला सांगितलं.