शिक्क्याची चौकट

कोमोदोरोच्या दुकानातल्या पोरानं
चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला,
पहिली सर्व्हिस हजारावर, बाई. न चुकता. इथंच.
मी म्हटलं, माझं गाव इथून सहाशे ऐंशी.
त्यानं बोटांवर हिशेब केला,
मग बोटं खिशात घातली.

इथंच घोडं पेंड खातं.
घरी जाऊन चूल न पेटवता उलटी फिरले
तरी हजार भरणार अधल्यामधल्या माळावर,
जिथं एक गंजकी पाटी, दोन ग्वानाको,
आणि शिक्का मारायला कुणी नाही.

नवं इंजिन दामटू नका, तो म्हणाला होता.
वाऱ्यानं दामटूच दिलं नाही.
दोन दिवस पश्चिम छातीवर घेऊन आले,
खडीवर पुढचं चाक माशासारखं निसटत होतं,
आणि मी, अकरा वर्षं लोकांना धीर देणारी नर्स,
टाकीला मांड्यांनी घट्ट धरून
मोठमोठ्यानं स्वतःलाच धीर देत होते.

एबेरचं खोगीर विकून ही गाडी आली.
तो रागावला नाही. फक्त
गोठ्यात तिच्याजवळून जाताना
घोड्याशी जरा जास्त बोलतो.

एक हजार तीन. शनिवार.
नटाखाली दवाखान्यातलं एनॅमलचं भांडं ठेवलं
(तेच. हो. उकळून घेतलं नंतर).
तेल आलं ते काळं नव्हतं,
त्यात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता.
बाळंतिणीचा पहिला चीक मी कधी टाकू देत नाही,
त्यावरून तीन सासवांशी भांडले आहे.
हा मात्र टाकायचा.

नवं तेल पन्नासच्या सिरिंजनं मोजलं, वीस वेळा.
चेन दोन बोटं सैल.
टॅपेट ऐकायला स्टेथोस्कोप लावला,
आणि सवयीनं म्हटलं, खोल श्वास घ्या.

अडलं ते एका वायसरवर.
तांब्याचा, नखाएवढा, दबून चपटा झालेला.
नवा मागवायचा तर बस पंधरा दिवसांनी,
तीही नदीला पूर नसेल तर.
म्हातारा नाहुएल्किर कुंपणाला टेकून बघत होता.
म्हणाला, लाल होईस्तोवर तापव, मग पाण्यात टाक.
लोखंडाला असं केलं तर ते अडून बसतं.
तांबं मऊ होतं, पुन्हा पहिल्यासारखं.
एवढं बोलून तो गेला,
मला वाटलं आणखी काही सांगेल.

चिमट्यात धरून गॅसवर धरला.
चर्र.
बसवला. किती आवळायचं?
पुस्तकात आकडा होता, माझ्याकडे मनगट.
सकाळी खाली जुना पुठ्ठा कोरडा होता.
मी तो पुठ्ठा एबेरला दाखवला. तो म्हणाला, कोराच आहे की.
म्हटलं, तेच तर.

उरली पुस्तिकेतली चौकट:
अधिकृत विक्रेत्याची सही आणि शिक्का.
डेल्मिरा पोस्टात एकटी. पत्रं आठवड्याला चार.
तिनं शिक्क्याची तारीख फिरवली, रबरावर हा केला,
आणि इतक्या जोरात हाणला
की पुढच्या तीन सर्व्हिसांवरही उमटला.

फोनवर पोरगा म्हणाला, हे चालणार नाही, बाई.
वॉरंटी गेली असं समजा.
समजले.

मग हिवाळा. चेनवर बर्फाची पावडर,
प्लग रात्री घरात, चुलीपाशी, मोज्यात.
गाडी चालत राहिली. कधी दुसऱ्या लाथेला, कधी नवव्या.

ऑक्टोबरात पुन्हा त्याचाच फोन.
आवाज जरा पडलेला.
एक गिऱ्हाईक आहे, बाई, तुमच्याही पुढं नव्वद किलोमीटरवर,
मेंढ्या कातरणारी. गाडी आज नेतेय.
तिला पहिली सर्व्हिस
कुठं सांगू?

मी भांडं कुठं आहे ते आठवलं.
म्हटलं, वारा समोरून असेल,
निघताना टाकी काठोकाठ भर म्हणावं.
आणि तांब्याचे वायसर दे तिच्यासोबत.
एक नको. मूठभर.