कड्यांची वळणवाट

पाचपावलीत, निखारेंच्या बंद मागावर
माझा गळाचा दांडा आडवा पडलाय.
रीळ वर. पहिली कडी वर, रिळाच्या नाकासमोर.
दुसरी जराशी उजवीकडे कललेली,
तिसरी अजून,
चौथीपासून शेंड्यापर्यंत सगळ्या
पोटाखाली.

मी म्हटलं, वाकड्या बसल्यात.
दौलतरावांनी चष्म्यावरून पाहिलं.
"गोरेवाड्यात कटला लागला तेव्हा
दांडा हातात फिरला का नाही?"
फिरला होता. मनगट अजून दुखतं
कूलरची टाकी भरताना.

"ओढ बसली का दोरीले खालीच याचं असते.
तुमी तिले वर धरून ठेवता,
मंग दांडाच गरकन् उलटते.
मी तिले आधीच खाली नेऊन ठेवतो.
भांडणच नाही जी."

कडीच्या पायांवर रेशीम, कुठल्या तरी काठाचं उरलेलं,
वेढ्याला वेढा चिकटून, नखाने सारत.
चाळीस वर्षं सरळ काठ विणले या माणसाने,
एक धागा सरकला तरी उसवले.
आता कडी तिरकी बसवताना
ओठांतल्या ओठांत तोच हिशोबी सूर:
साठ. एकशेवीस. एकशेऐंशी.

वर राळ चढली. ओघळू नये म्हणून दांडा
कूलरच्या झडपांच्या मोटरवर
रात्रभर फिरत राहणार.
"सकाळी या. हात नका लावू."

उंबऱ्यात चप्पल शोधताना मागे पाहिलं:
जांभळा धागा बल्बखाली येतो,
जातो,
येतो.