बाकुरीचे तीन थेंब

मावशीचा नियम होता :
कुठला वास आवडतो, असं गिऱ्हाइकाला
कधी विचारायचं नाही.
लोक खोटं बोलतात. गुलाब म्हणतात.
विचारायचं, लहानपणी कुठलं फळ चोरलंत,
आणि सांगताना हात कुठे जातो ते बघायचं.

बेलेंच्या बाजारात, मासळीच्या धक्क्यापासून सतरा पावलांवर
आमची टपरी. दोरीला लटकलेल्या बाटल्या,
खाली मुळ्या, साली, वाळत घातलेल्या बिया
आणि देओलिंदा मावशीची तीन पायांची खुर्ची.
आंबा म्हणणारे पुष्कळ येत.
या गावात आंबा रस्त्यावरच पडतो,
मोटारींच्या टपांना पोचे पाडतो,
तो चोरला म्हणजे काय चोरलं?
त्यांना मावशी काहीतरी हलकंसं देई
आणि सुटे पैसे मोजून परत करी.

निवाल्दा मासे साफ करायची.
कोपरापर्यंत खवले, कानामागे पेन्सिल.
ती हसली की पलीकडच्या होडीतली माणसं
आपल्यालाच हसली समजून शर्ट नीट करत.

ती म्हणाली, बाकुरी.
आणि चोरली नाही.
“बाकुरी तोडायची नसते. झाडावर असते तोवर नुसता चीक.
ती आपण होऊन पडते, बहुतेक रात्रीची.
माराझो बेटावर आम्ही सहा भावंडं
अंथरुणात कान देऊन जागी.
धप्प झालं की पाच जण धावायची.
मी दुसऱ्या धप्पची वाट बघायची.”
हात कुठेच गेला नाही तिचा.
सुरीवर होता, तिथेच राहिला.

मावशीने मारकुझा घेतलं. मग अननस,
गाभा नव्हे, साल, डोळ्यांसकट.
शेवटी बाकुरी, तीन थेंब.
तिसऱ्याला इतका वेळ लावला
की मला वाटलं, डुलकी लागली.

पुढे कित्येक वर्षं तो वास निवाल्दाच्या आधी येई.
आंबट, न विचारता खुर्ची ओढून बसणारा,
मग एक बोचरा विनोद, तुमच्यावरच.
पण ती गेल्यावर, बर्फाच्या कोठारात, तासाभराने,
काहीतरी चिकट, शांत,
अंधारात कुणी जागं बसल्यासारखं.

ओस्मारिनो, इंजिनं दुरुस्त करणारा,
त्याने तीच बाटली नेली
सांतारेंच्या आपल्या वाग्दत्त वधूला.
पंधरवड्याने परत आला, लालबुंद.
“भेसळ! तिच्या अंगाला लिमलेटच्या गोळ्यांचा वास येतो!”
मावशी म्हणाली, “मुलगी गोड असेल.”
“आहेच गोड!”
“मग रडतोस कशाला?”
तो बाटली ठेवून गेला. पैसे मागितले नाहीत.

त्या रात्री मी दोन थेंब मनगटावर घेतले.
फळ लपवून विसरलेल्या
बंद कपाटाचा वास आला.
साबणाने हात धुतला. कुणाला सांगितलं नाही.

मावशीचे डोळे गेले, मग मी मिसळू लागलो.
बाकुरी महाग झाली. तीनाचे दोन केले.
मोसमभर कुणाला पत्ता नाही.
खुद्द मावशीने हुंगलं आणि मान हलवली,
होकाराची की नकाराची, मी विचारलं नाही.

बुधवारी निवाल्दा आली.
केस आता पांढरे, पेन्सिल तीच.
बूच काढलं, नाकाशी धरलं,
आणि पहिल्यांदाच हसली नाही.
“ही कोण?” तिने विचारलं.
“कोण कोण?”
“ही, बाटलीतली.
पहिल्याच धप्पला धावणारी दिसते.”

बाटली फळीवर ठेवली, माझ्याकडे सरकवून.
रिकामी क्रेट उलटी केली,
पाय पसरून बसली.

“घाई नाही,” म्हणाली. “मी थांबते.”